रंगूबाईचा ओला-सुका

नौपाड्यात स्नेहवर्धिनी नावाची सोसायटी आहे. तिच्या गेटपाशी बकुळीचं झाड आहे आणि त्या झाडाखाली सकाळी साडेआठ ते बारा रंगूबाई नाखवा मासळी विकायला बसते. एक-दोन वर्षं नाही हो, एकतीस वर्षं! सोसायटीतली निम्मी माणसं तिच्यानंतर राहायला आलीत. कुणाचा मुलगा काट्याला घाबरतो, कुणाला कोलंबी सोलूनच लागते, कोण सासूबाई गावी गेल्या की मगच बोंबील नेतं, सगळं तिला तोंडपाठ. बाई उंचीला बेताची, पण आवाजाला बेताची अजिबात नाही. ‘घे गो बाय, खाडीची कोलंबी हाय, अजून मिशा हलवते!’ असं ती खालून ओरडली की चौथ्या मजल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

मूळची ती ठाकुर्लीच्या खाडीकाठची. लग्न होऊन ठाण्याच्या कोळीवाड्यात आली, तेव्हा नवरा धाकू रोज होडी घेऊन खाडीत जायचा आणि ती त्याची मासळी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकायची. पुढे खाडीचं पाणी बिघडलं. धाकूच्या जाळ्यात मासे कमी आणि पिशव्या जास्त येऊ लागल्या. मग रंगूबाई पहाटे बाजारातून माल उचलायला लागली आणि धाकू आठवड्यातून दोनदा, सवय मोडवत नाही म्हणून, खाडीत जायला लागला. चार वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिने चढणं बंद झालं. तेव्हापासून गेटपाशची बसायची जागा हेच तिचं सगळं दुकान.

आणि नेमकी तीच जागा जायची वेळ आली.

झालं असं, की दिवाळीनंतर सोसायटीत नवे सेक्रेटरी आले. प्रभाकर ओक. निवृत्त माणूस, हातात वेळ भरपूर आणि शिस्तीचा भारी सोस. स्वतः शाकाहारी. त्यांनी पंधरा दिवसांत गेटवर नोटीस लावली: मासे विक्रेत्यांमुळे घाण, माश्या व दुर्गंधी होत असल्याने एक तारखेपासून गेटलगत बसण्यास मनाई. ‘विक्रेत्यांमुळे’ म्हणे! विक्रेती एकच, आणि अनेकवचन कुणासाठी?

रंगूबाईने सून दक्षताकडून नोटीस वाचून घेतली आणि पदर खोचून थेट सोसायटीच्या मीटिंगला जाऊन उभी राहिली. त्या मीटिंगमध्ये वल्लरी प्रधान बोलत होती. वल्लरी तिसऱ्या मजल्यावरची, कॉम्प्युटरवाली, वयाने पंचविशीची. रंगूबाईच्याच मांदेलीवर वाढलेली पोर. तिने आणि तिच्या दोस्तांनी एक ॲप काढलं होतं, ‘पानोपानी’. रोज पर्यावरणाला धरून काही चांगलं केलं, की ते ॲपमध्ये सांगायचं. त्याची पानं मिळतात, स्क्रीनवरचं आपलं झाड भरत जातं आणि गल्लीची यादी लागते, कुणाची पानं किती. पायी गेलात, दोन पानं. कापडी पिशवी नेलीत, तीन. आणि ‘ओला-सुका’ला तर एकदम दहा पानं!

“साहेब,” रंगूबाई मधेच बोलली, “माझी जागा काढू नका. मी कुठं जाऊ? नौपाड्यात रिकामा कोपरा हाय का एक तरी?”

ओकांनी चष्मा वर केला. समोर अख्खी सोसायटी बसलेली. नाही म्हणावं तर वाईट दिसतं, हो म्हणावं तर नोटीस वाया जाते. त्यांनी वल्लरीच्या फोनकडे बोट दाखवलं.

“रंगूबाई, स्वच्छतेचं काय ते या ॲपवर दिसू दे. एक तारखेला आपल्या गल्लीच्या यादीत पहिल्या दहात तुमचं नाव असलं, तर बसा खुशाल. नसलं तर नाही. माझा शब्द.”

लोक हसले. रंगूबाई हसली नाही. तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि वल्लरीपुढे धरला. “टाक गो पोरी यात ते झाड,” ती म्हणाली.

आता रंगूबाईला लिहिता-वाचता जेमतेम. पण वल्लरी हुशार, तिने ॲपमध्ये स्वतःच्या आवाजात सगळे प्रश्न भरून ठेवले होते. कान देऊन ऐकायचं आणि हिरवं बटण दाबलं की ‘हो’, लाल दाबलं की ‘नाही’. पहिल्याच संध्याकाळी कोळीवाड्यातल्या घरात फोन बोलायला लागला आणि धाकूसुद्धा जाळं विणायचं थांबवून ऐकत बसला.

“आज ओला-सुका वेगळा ठेवलात का?” फोनमधली वल्लरी म्हणाली.

रंगूबाईने धाकूकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला? ओला म्हावरा आणि सुका म्हावरा कुठली कोळीण एकत्र ठेवील? ओल्या बोंबलाचं पाणी सुकटीला लागलं की सुकट वाया. हे तर तिला आईच्या मांडीवर कळलं होतं. तिने हिरवं बटण दाबलं.

“ओला झाकून ठेवलात का? उघडा ठेवला तर माश्या बसतात.”

“ठेवला गो बाय!” हिरवं बटण.

“सुका कोरड्या जागी ठेवलात का?”

“मग काय पान्यात ठेवीन?” हिरवं बटण.

“ओला रोजच्या रोज दिलात का? सुका आठवड्यातून एकदा दिला तरी चालेल.”

इथे मात्र रंगूबाई चाटच पडली. ओला म्हावरा रोजच्या रोज खपवायचा आणि सुका रविवारच्या रविवार न्यायचा, हाच तिचा एकतीस वर्षांचा रिवाज. “अहो,” ती धाकूला म्हणाली, “या पोरीला म्हावऱ्यातला सगला कलतंय बघा! मना वाटलं नव्हतं, प्रधानांच्या घरात एवढी अक्कल असंल.” टुण्‌कन आवाज झाला, स्क्रीनवरच्या काटकुळ्या झाडाला दहा पानं फुटली आणि रंगूबाई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

तुम्ही हसाल. पण मला सांगा, तिची चूक काय? कोळीवाड्यात जन्म काढलेल्या बाईला ‘ओला-सुका’ म्हटल्यावर दुसरं काय आठवणार! महापालिकेच्या गाडीवर भोंगा वाजतो तोही इतका खरखरतो, की त्यात कचरा म्हणतात का कचोरी, देव जाणे. वल्लरीनेही प्रश्नात तो शब्द घातला नव्हता. रोज संध्याकाळी लोकांच्या कानात कचरा-कचरा काय करायचं, असं वाटून तिने तो गाळला होता. नौपाड्यात तो न सांगता कळतो.

त्या दिवसापासून रंगूबाईला झाडाचं वेडच लागलं. बाजारातून नौपाड्यापर्यंत रिक्षाने यायची ती गुडघे चोळत अर्धा रस्ता पायी यायला लागली, दोन पानांसाठी. प्लास्टिकच्या पिशव्या तिने बंदच करून टाकल्या. डबा आणला नाही तर कोलंबी मिळायची नाही, मग ती मामलेदारीण असो नाही तर कलेक्टरीण! पहिल्या आठवड्यात बायका कुरकुरल्या, दुसऱ्या आठवड्यात स्टीलचे डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. गेटवर रोज एकच गजर.

“रंगूबाई, आज कितवी?”

“एकोनिसावी!”

“रंगूबाई, आज?”

“बारावी! चौथ्या मजल्याला मागं टाकला!”

वाचमनसुद्धा तिच्या फोनमध्ये डोकावून जायचा. एक तारखेला आठवडा उरला तेव्हा रंगूबाई नाखवा तिसऱ्या नंबरवर होती, आणि प्रभाकर ओक सहाव्या. ओक हल्ली तिच्यासमोरून जाताना घड्याळात बघत जायचे. तिला इतका आनंद तिच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. लग्नात ती रडत होती, असं धाकूच सांगतो.

आणि मग शनिवारी दुपारी वल्लरी कोळीवाड्यात आली. निकाल सोमवारी होता. तिला ॲपच्या पहिल्या पानावर रंगूबाईचा फोटो लावायचा होता, ठाण्याची पहिली पर्यावरणमित्र मासळीवाली म्हणून. दक्षताने चहा ठेवला. रंगूबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, नथ घातली.

“मावशी, आता तुझा ओला-सुका दाखव,” वल्लरी मोबाइल सरसावून म्हणाली.

“ये ना, बघ!” रंगूबाईने एका टोपलीवरचं ओलं फडकं काढलं. आत बर्फावर बोंबील, मांदेली, कोलंबी. “हा ओला.” मग फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला. सुकट, जवळा, वाकट्या. “हा सुका. रोज वेगला ठेवते. एक दिस चुकली नाय.”

वल्लरी आधी हसली. तिला वाटलं, मावशी मस्करी करते. मग तिने रंगूबाईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू ओसरलं.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “अगं, ओला-सुका म्हणजे कचरा. भाजीची देठं, शिळं अन्न तो ओला. कागद, प्लास्टिक तो सुका. तो वेगळा ठेवायचा.”

रंगूबाईने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि सुकटीकडे बघत राहिली. दक्षताने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“आणि तुझा कचरा?” वल्लरीने विचारलं. “खवले, कल्ले, आतडी? ते कुठं टाकतेस?”

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. “पिशवीत भरते,” ती म्हणाली. “बर्फाचा प्लास्टिक, कागद, खवलं, सगला एकात. आनि निघताना सोसायटीच्या मागच्या गटारात.”

कोपऱ्यातून धाकू बोलला. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस, त्यातले बहुतेक त्याने इथेच खर्च केले. “ती गटारं खाडीत येतात. माझ्या जाल्यात.”

रंगूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्याच्या जाळ्यातल्या पिशव्या सोडवून देत होती आणि शहरातल्या लोकांना शिव्या घालत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वल्लरीला मात्र वेगळीच काळजी. ती रंगूबाईच्या शेजारी बसली. “मावशी, चूक माझी आहे. मी तो शब्दच घातला नाही. हे आपल्या चौघांनाच माहीत आहे. परवा निकाल आहे, तू तिसरी आहेस, ओककाकांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. निकाल लागू दे. मग कचरा वेगळा करायला लाग. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

दक्षताही म्हणाली, “आई, जागा गेली तर खाणार काय?”

खरंच होतं. एक शब्द न बोलता जागा वाचत होती. न बोलण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही. रंगूबाईने तोंडावरून हात फिरवला. एकतीस वर्षांत तिने शिळा मासा कधी ताजा म्हणून दिला नव्हता. कल्ला उचलून दाखवायचा, लाल असला तर घ्या. पुष्कळदा गिऱ्हाईक बघायचं नाही, तरी ती दाखवायची.

“मीटिंग कवा हाय?” तिने विचारलं.

“उद्या सकाळी दहाला. पण मावशी...”

“दहाला येते मी.”

रविवारी दहाला सोसायटीचा हॉल भरला होता. आठवड्याची यादी भिंतीवर मोठी करून लावली होती आणि तिसऱ्या ओळीत रंगूबाई नाखवा हे नाव होतं. ती आत आली तशी बायकांनी टाळ्याच वाजवल्या. ओकांनीही घसा साफ केला, अभिनंदन करायला. शब्दाचा माणूस, हे तुम्हाला मान्य करावंच लागेल.

“थांबा साहेब,” रंगूबाई म्हणाली. “माझी पानं काढून टाका.”

आणि तिने सगळं सांगितलं. बोंबील, सुकट, हिरवं बटण, सगळं. हॉल हसून हसून लोळला. शेवटी तीही हसायला लागली, डोळ्यांना पदर लावून हसली. मग हात वर करून तिने सगळ्यांना गप्प केलं.

“हसा. मी पन हसले. पन साहेबांची नोटीस खरी होती. घान मीच करत होते. तुमच्या गटारात टाकत होते, आनि ती माझ्याच घोवाच्या जाल्यात जात होती. मना ठावं नव्हता, हे खरं. पन ठावं नव्हता म्हनून कचरा कमी नाय झाला. तिसरा नंबर माझा नाय. काढा ती पानं.”

ओक चष्मा काढून पुसत राहिले. मग पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नीचा, शालूवहिनींचा आवाज आला. वहिनी कधी मीटिंगमध्ये बोलत नाहीत.

“अहो, आपल्याकडे तर एकच डबा आहे. काळा.”

ओकांचा हात चष्म्यावर थांबला. “शालू, तो विषय आत्ता नाही.”

“आत्ताच आहे,” शालूवहिनी म्हणाल्या. “तुम्ही रोज रात्री जेवल्यावर बसता आणि हिरवं बटण दाबता. एक दिवससुद्धा वेगळा केलेला नाही. त्या बिचारीला शब्द माहीत नव्हता. तुम्हाला तर माहीत होता ना?”

अहाहा! काय सांगू तुम्हाला, त्या हॉलमध्ये टाचणी पडली असती तर दचकून चार माणसं उठली असती. ओकांचे कान लाल झाले. ते उभेच होते, त्यांना बसताही येईना. अखेर त्यांनी वल्लरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझीही काढ.”

मग मागून कुणीतरी खाकरलं. पहिल्या नंबरवरचे तानाजी शिर्के. पोटाशी घट्ट धरलेला फोन त्यांनी खिशात सरकवला. “माझी पण,” ते पुटपुटले. “आम्ही बाहेर सगळं एकाच पिशवीत ठेवतो. बाई घेऊन जाते, पुढचं काय होतं बघत नाही.” चौथा मजला उठला. दुसरा उठला. पहिल्या दहातले एकेक उठत गेले, कुणी हसत, कुणी खाली बघत, आणि अर्ध्या तासात भिंतीवरच्या यादीत खरं एकही नाव उरलं नाही! वल्लरी रडवेली झाली होती. चार महिन्यांची मेहनत, आणि सगळी पानं खोटी. तिने नाक पुसलं, फोन हातात घेतला आणि सगळ्यांसमोर अख्ख्या गल्लीची यादी शून्यावर आणून ठेवली. सगळी झाडं काटकुळी.

“उद्या सकाळपासून नव्याने,” ती म्हणाली. “आणि प्रश्नात मी कचरा म्हणणार आहे. मोठ्याने म्हणणार आहे.”

त्या दुपारी रंगूबाई स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि झाकणाच्या दोन बादल्या घेऊन आली. सोमवारी माल उचलून ती कोळीवाड्यात परतली, तेव्हा उजाडायचं होतं. गिऱ्हाइकांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेली मासळी तिने घरीच साफ केली. खवले, कल्ले, आतडी एका बादलीत. बर्फाच्या पिशव्या, पुठ्ठे, सुतळी दुसरीत. पहिली बादली धाकूने माडाच्या बुडाशी खड्डा करून पुरली आणि वर माती ओढली. मग तिने फोन काढला.

“आज ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवलात का?” वल्लरी विचारत होती. कचरा हा शब्द ती इतक्या ठसक्यात म्हणाली होती, की धाकूला हसू आलं.

रंगूबाईने बादल्यांकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग बटण दाबलं.

साडेआठला ती पाटी घेऊन नौपाड्यात पोचली, तर गेटवर माणसांचा हा घोळका! डबेवाल्या बायका, वाचमन, वल्लरी, शालूवहिनी. सगळ्यांच्या पुढे ओक, नोटिशीसमोर उभे. आज एक तारीख होती. रंगूबाई बकुळीखाली बसली नाही. पाटी डोक्यावरच ठेवून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पानं तिने स्वतःच झाडून टाकली होती. आता तिने कुणाच्या तोंडाकडे बघावं?

“वल्लरी,” ओक म्हणाले, “यादी वाच.”

“काका, सगळे काल म्हणाले की आज डबे आणतो. दुकानं अजून उघडली नाहीत.”

“जी आहे ती वाच.”

वल्लरीने फोन वर धरला. ती हसत होती. “एक. रंगूबाई नाखवा. दहा पानं.”

“पुढे?”

“पुढे कुणीच नाही.”

ओकांनी मान डोलावली. मग त्यांनी नोटिशीच्या चारही टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. रंगूबाईच्या डोक्यावरची पाटी उतरवायला वाचमन धावला, पण तोवर शालूवहिनींनी हात लावला होता. पाटी बकुळीखाली टेकली. बायकांनी असा काही गलका केला, की बसस्टॉपवरचे लोक वळून बघायला लागले.

ओक मात्र तिथेच घुटमळत राहिले. बोंबलाचा वास नाकात जात असणार, तरी हलले नाहीत. “रंगूबाई,” ते शेवटी म्हणाले, “आज आम्हीही दोन डबे आणतोय. उद्या आमचंही नाव येईल यादीत.”

रंगूबाईने कोलंबीवरचं फडकं बाजूला केलं. डोळे भरून आले होते, पण आवाज एकतीस वर्षांचाच होता, चौथ्या मजल्यापर्यंत गेला.

“या की साहेब! नऊ जागा रिकाम्या हायत!”